देशातील बेरोजगारीचा दर: तो कसा मोजतात, का घटला आणि त्यात तुम्ही कुठे बसता

भारतातील बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.० टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला. हे आकडे १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींचे आहेत. सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय घरोघरी जाऊन जे श्रमशक्ती सर्वेक्षण करते, त्यातून ते आले आहेत. इंग्रजी आद्याक्षरांवरून या सर्वेक्षणाला पीएलएफएस म्हणतात.

तुमच्या घरात कोणी दोन-तीन वर्षे नोकरीच्या शोधात असेल, तर ३.२ हा आकडा वाचून तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही. आकडा खोटा नाही. पण तुम्ही 'बेरोजगार' या शब्दाचा जो अर्थ घेता, तो सर्वेक्षणाचा अर्थ नाही, आणि योजनेच्या अर्जातला अर्थ तर आणखी तिसराच असतो. या तिन्हींची गल्लत झाली की लोक अर्ज करायचे थांबतात किंवा घरी आलेल्या सर्वेक्षकाला चुकीचे उत्तर देतात. म्हणून हे पान थोडे सविस्तर लिहिले आहे.

बेरोजगार कोणाला म्हणतात?

सर्वेक्षणात प्रत्येक व्यक्तीचे तीन गटांत वर्गीकरण होते: काम करणारे, काम नसलेले पण काम शोधणारे किंवा मिळाल्यास करायला तयार असणारे, आणि या दोन्हींत न बसणारे. पहिले दोन गट मिळून होते ती श्रमशक्ती. तिसरा गट श्रमशक्तीबाहेरचा. त्यात शिकणारी मुले, फक्त घरकाम करणाऱ्या स्त्रिया, निवृत्तिवेतनावर जगणारे, आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे काम करू न शकणारे असे सगळे येतात.

बेरोजगारीचा दर म्हणजे श्रमशक्तीतील दर शंभर माणसांमागे बेकार किती. शंभर लोकसंख्येमागे नव्हे, आणि शंभर तरुणांमागेही नव्हे. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

एक उदाहरण घ्या. एका वस्तीत शंभर प्रौढ आहेत. पन्नास जण श्रमशक्तीत आहेत, त्यांपैकी ४७ काम करतात आणि तिघे शोधात आहेत. दर झाला सहा टक्के. पुढच्या वर्षी ते तिघे कंटाळून शोध सोडतात आणि विचारल्यावर 'आता काही बघत नाही' असे सांगतात. आता श्रमशक्ती ४७ आणि बेकार शून्य. दर शून्य टक्के झाला, पण काम एकालाही मिळालेले नाही. उलटही होते. वस्तीशेजारी कारखाना येणार अशी बातमी आली आणि घरी असलेल्या दहा स्त्रिया काम शोधू लागल्या, तर दर एकदम वर जाईल, जरी वस्तीचे दिवस पालटण्याची ती सुरुवात असली तरी.

त्यामुळे बेरोजगारीचा दर कधीच एकटा वाचू नका. त्याच्या शेजारी 'श्रमशक्ती सहभाग दर' असतो, म्हणजे शंभर प्रौढांपैकी किती जण श्रमशक्तीत आहेत तो आकडा. दोन्ही एकत्र पाहा.

वर्षभराचा हिशेब आणि आठवड्याचा हिशेब

एकाच सर्वेक्षणातून दोन वेगवेगळे दर निघतात. वर्तमानपत्रात कधी एक छापतात, कधी दुसरा, आणि कोणता ते बहुधा लिहीत नाहीत.

पहिला 'नेहमीची स्थिती' या पद्धतीचा. यात मागचे ३६५ दिवस विचारात घेतात. वर्षातला जास्त काळ तुम्ही कशात घालवला, हे आधी पाहतात. त्यात काम नसेल, तरी वर्षभरात एकूण ३० दिवस किंवा अधिक काळ कुठलेही आर्थिक काम केले असेल तर तुमची गणना काम करणाऱ्यांत होते. वर दिलेले ६.० आणि ३.२ हे आकडे या पद्धतीचे आहेत.

दुसरा 'चालू साप्ताहिक स्थिती' या पद्धतीचा. यात फक्त मागचे सात दिवस पाहतात. त्या सात दिवसांत एखाद्या दिवशी निदान एक तास काम केले असेल तर व्यक्ती 'काम करणारी'. एक तासही काम केले नाही, पण एखाद्या दिवशी निदान तासभर काम शोधले किंवा करायची तयारी होती, तर 'बेरोजगार'. हा दर साहजिकच जास्त येतो, कारण हंगामाबाहेरचा रिकामा आठवडा इथे दिसतो, वर्षाच्या हिशेबात तो झाकला जातो. या पद्धतीने दर २०१७-१८ मध्ये ८.७ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये ४.९ टक्के.

एका तासाची अट ऐकून अनेकांना थट्टा वाटते. ती आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मापनपद्धतीतून आली आहे आणि इतर अनेक देशांतही वापरली जाते. तिथे तिचा अर्थ बराच वेगळा निघतो, कारण नोकरी गेली तर भत्ता मिळणाऱ्या देशात माणूस आठवडाभर पूर्ण रिकामा राहू शकतो. आपल्याकडे रिकामे राहणे ही अनेकांना न परवडणारी गोष्ट आहे. हे पान मराठीत लिहिणारी व्यक्ती स्वतः कंत्राटावर काम करते. दोन कंत्राटांच्या मधल्या काळात शेजारच्या मुलाची शिकवणी घेत होती, आठवड्याला चार तास. सर्वेक्षणाच्या लेखी ती त्या काळात बेरोजगार नव्हती, घरभाडे कसे भरायचे हा प्रश्न असला तरी.

आकड्यांचा प्रवास

स्वातंत्र्यानंतर रोजगाराचे मोजमाप कसे करावे यावर बराच खल झाला. दांतवाला समितीने १९७० मध्ये अहवाल दिला. पाश्चात्त्य देशांची नोकरी-केंद्री व्याख्या शेतीप्रधान देशाला जशीच्या तशी लावता येणार नाही, हा तिचा रोख होता. त्यानंतर १९७२-७३ पासून साधारण दर पाच वर्षांनी मोठे सर्वेक्षण होऊ लागले. या मालिकेतले शेवटचे २०११-१२ चे. त्यात नेहमीच्या स्थितीचा दर सर्व वयांसाठी २.२ टक्के होता. मधल्या काळात देशाला रोजगाराचा ताजा आकडाच नसे. पाच वर्षे थांबावे लागे.

एप्रिल २०१७ मध्ये पीएलएफएस सुरू झाले आणि आकडे दरवर्षी मिळू लागले. पहिल्या वार्षिक अहवालात (जुलै २०१७ ते जून २०१८) सर्व वयांसाठी ६.१ टक्के दर आला. ३१ मे २०१९ रोजी हा अहवाल जाहीर झाला तेव्हा मोठा वाद झाला. ४५ वर्षांतील सर्वाधिक बेरोजगारी, असे मथळे आले. शासनाची भूमिका अशी होती की नव्या सर्वेक्षणात कुटुंबे निवडण्याची पद्धत बदलली आहे (घरात दहावी वा त्याहून अधिक शिकलेले किती, हा निकष आला आहे), म्हणून जुन्या आकड्यांशी थेट तुलना करू नये. दोन्ही बाजूंत तथ्य होते. पद्धत बदलली हे खरे. पण २.२ वरून ६.१ ही उडी केवळ पद्धतीमुळे झाली असे मानणेही अवघड आहे.

नेहमीच्या स्थितीनुसार, १५ वर्षे व वरील वयासाठी, पुढील वर्षांचे दर असे:

२०१७-१८: बेरोजगारी ६.०, श्रमशक्ती सहभाग ४९.८
२०१८-१९: बेरोजगारी ५.८, सहभाग ५०.२
२०१९-२०: बेरोजगारी ४.८, सहभाग ५३.५
२०२०-२१: बेरोजगारी ४.२, सहभाग ५४.९
२०२१-२२: बेरोजगारी ४.१, सहभाग ५५.२
२०२२-२३: बेरोजगारी ३.२, सहभाग ५७.९
२०२३-२४: बेरोजगारी ३.२, सहभाग ६०.१

(सर्व आकडे टक्क्यांत. प्रत्येक वर्ष जुलै ते जून असे आहे.)

लॉकडाऊनच्या वर्षी दर घटला कसा?

वरच्या यादीत २०१९-२० ची ओळ पुन्हा पाहा. २५ मार्च २०२० पासून देश बंद होता. मुंबई, पुणे, सुरत, दिल्लीहून लोक पायी गावाकडे निघाले होते. आणि त्याच वर्षाचा दर ५.८ वरून ४.८ वर उतरलेला दिसतो.

यामागे तीन गोष्टी आहेत. पहिली, हे वर्ष जुलै २०१९ ते जून २०२० असे आहे. टाळेबंदीचा काळ त्याच्या शेवटच्या तिमाहीत आला. दुसरी, नेहमीच्या स्थितीत मागच्या ३६५ दिवसांतला मोठा भाग पाहतात. मे महिन्यात प्रश्न विचारला गेलेल्या, पण त्याआधी नऊ-दहा महिने काम केलेल्या मजुराची नोंद 'काम करणारा' अशीच होणार. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गावी परतलेला माणूस भावाच्या शेतात उतरला की तो शेतीतला स्वयंरोजगारित किंवा घरच्या शेतीतला मदतनीस झाला. तो बेकारांत मोजला गेला नाही. शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०१९-२० मध्ये ४५.६ टक्के झाला. अर्थव्यवस्था वाढताना हा वाटा कमी होत जातो, अशी जगभरची रीत आहे. आपल्याकडे तो उलट वाढला आणि २०२३-२४ मध्येही ४६.१ टक्के होता. गेलेली सगळी माणसे कारखान्यांत आणि बांधकामांवर परत आलेली नाहीत, एवढे यावरून नक्की दिसते.

टाळेबंदीचा खरा घाव पाहायचा असेल तर शहरी भागाचे तिमाही आकडे पाहा. ते साप्ताहिक स्थितीचे असतात. जानेवारी-मार्च २०२० मध्ये शहरांतील दर ९.१ टक्के होता. एप्रिल-जून २०२० मध्ये तो २०.८ टक्के झाला. काम करणारा वा शोधणारा दर पाचवा शहरी माणूस त्या आठवड्यांत बेकार होता. पुढच्या तिमाहीत तो १३.२ वर आला, वर्षअखेरीस १०.३. एप्रिल-जून २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, पुन्हा १२.६ वर गेला. त्यानंतर मात्र सावकाश उतरत २०२४ च्या अखेरच्या तिमाहीत ६.४ टक्क्यांवर आला.

एकच सर्वेक्षण, एकच वर्ष. एका तक्त्यात घट आणि दुसऱ्यात भूकंप. दोन्ही तक्ते बरोबर आहेत.

सहावरून तीनवर: काम कोणते वाढले?

हिशेब सोपा करून पाहू. २०१७-१८ मध्ये शंभर प्रौढांपैकी सुमारे ५० श्रमशक्तीत होते. ४७ काम करत होते, ३ बेकार होते. २०२३-२४ मध्ये शंभरांपैकी ६० श्रमशक्तीत, ५८ कामावर, २ बेकार. म्हणजे बेकार एकाने कमी झाले आणि काम करणारे अकराने वाढले. लक्ष द्यायचे ते या अकराकडे.

यातल्या बहुतांश स्त्रिया आहेत. स्त्रियांचा सहभाग दर या काळात २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेला. पुरुषांचा ७५.८ वरून ७८.८, म्हणजे जेमतेम तीन टक्क्यांनी. ग्रामीण स्त्रियांचा सहभाग तर २४.६ वरून ४७.६ झाला, जवळपास दुप्पट. शहरी स्त्रियांचा २०.४ वरून २८.०.

आता काम कोणत्या प्रकारचे ते पाहा. काम करणाऱ्यांत स्वयंरोजगाराचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्के झाला. नियमित पगारी नोकरीचा वाटा २२.८ वरून २१.७ वर घसरला. रोजंदारीचा २४.९ वरून १९.८. स्वयंरोजगारातही एक पोटगट आहे: घरच्या शेतीत वा दुकानात विनावेतन मदत करणारे. त्यांचा वाटा १३.६ वरून १९.४ झाला. याचा ढोबळ गुणाकार केला तर त्या अकरा नव्या काम करणाऱ्यांपैकी सुमारे पाच विनावेतन मदतनीस, साडेचारच्या आसपास स्वतःचा लहानमोठा धंदा वा शेती करणारे, आणि दोनच पगारी नोकरीतले निघतात. रोजंदार जवळपास तेवढेच राहिले.

याचे अर्थ दोन प्रकारे लावले जातात. एका मतानुसार स्त्रिया आधीही राबत होत्या. घरात नळ, गॅस आल्याने त्यांचा वेळ मोकळा झाला, बचत गटांतून लहान कर्जे मिळू लागली, आणि सर्वेक्षकही आता अधिक बारकाईने विचारतात, म्हणून त्यांचे काम नोंदले जाऊ लागले. दुसऱ्या मतानुसार घरातली पगारी मिळकत पुरत नाही म्हणून स्त्रियांना शेतात, गोठ्यात, शिलाई मशीनवर बसावे लागले. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आमच्या मते विनावेतन मदतनिसांचा वाढता वाटा पाहता निव्वळ आनंदाची बातमी म्हणून ३.२ हा आकडा सांगणे योग्य नाही. आणि ज्या स्त्रियांचे काम पूर्वी नोंदलेच जात नव्हते, त्यांची नोंद झाली हे कमी लेखणेही योग्य नाही.

जितके शिक्षण जास्त, तितकी बेकारी जास्त

हे वाक्य चुकून उलटे छापलेले नाही. १५ ते २९ वयोगटातील दर २०१७-१८ मध्ये १७.८ टक्के होता, २०२३-२४ मध्ये १०.२ टक्के. घट झाली आहे, तरी तो सर्वसाधारण दराच्या तिप्पट आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये संयुक्त अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत फक्त ३.४ टक्के.

न शिकलेल्याला चांगले काम मिळते असा याचा अर्थ नाही. त्याला थांबता येत नाही, एवढाच अर्थ आहे. आज मिळेल ते तो आजच करतो आणि सर्वेक्षणात 'काम करणारा' म्हणून नोंदला जातो. पदवीधर मुलाला आई-वडील दोन वर्षे सांभाळतात, तो भरतीची वाट पाहतो, आणि बेकारांत मोजला जातो.

राज्यांच्या क्रमवारीतही हेच दिसते. २०२३-२४ मध्ये मध्य प्रदेशाचा दर १.० टक्के, गुजरातचा १.१, महाराष्ट्राचा ३.३, केरळचा ७.२, गोव्याचा ८.५. दरडोई उत्पन्नात गोवा देशात आघाडीवर आहे, केरळ शिक्षणात. केरळात १५ ते २९ वयातील तरुणींचा दर ४७.१ टक्के आहे. शिकलेल्या मुली घरी बसायला तयार नाहीत, शोधत आहेत, आणि शिक्षणाला साजेसे काम त्यांना मिळत नाही. 'सर्वांत कमी बेरोजगारीचे राज्य' असा मथळा दिसला तर त्या राज्यात लोक काय काम करतात आणि किती कमावतात ते आधी पाहा.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा कुठे बसतो?

महाराष्ट्रातल्या वाचकांकडून हा प्रश्न हमखास येतो. तालुक्याच्या गावातले एक कुटुंब समजा. वडिलांचे किराणा दुकान आहे. आई स्वयंपाकपाणी आटोपून रोज दोन तास गल्ल्यावर बसते. थोरला मुलगा बी.कॉम. होऊन तीन वर्षे पोलिस भरती आणि राज्यसेवेची तयारी करतो. सून घरकाम करते, दोन शेळ्या पाळते.

वडील स्वयंरोजगारित. आई दुकानातली विनावेतन मदतनीस, म्हणजे काम करणारी. पण सर्वेक्षकाला घरच्यांनी 'ती घरीच असते' असे सांगितले तर तिची नोंद घरकामात होईल आणि ती श्रमशक्तीबाहेर जाईल. सुनेचेही तसेच. शेळ्यांचे काम सांगितले तर ती काम करणारी ठरू शकते, नाही सांगितले तर नाही. मुलगा कुठल्या संस्थेत नाव घालून शिकत असेल आणि तेच त्याचे मुख्य काम असेल तर तो विद्यार्थी. पण त्याने नोकरीसाठी अर्ज भरले असतील, किंवा काम मिळाले तर तो करायला तयार असेल, तर तो बेरोजगार म्हणून नोंदला जाऊ शकतो. 'अभ्यास करतो' या दोन शब्दांवर त्याची नोंद बदलते. आणि घाईच्या वेळी संध्याकाळच्या चार तासांत तो दुकानात बसत असेल, तर साप्ताहिक हिशेबात तो सरळ काम करणाऱ्यांत जातो.

सर्वेक्षक आले तर

२०२३-२४ च्या फेरीत १,०१,९५७ कुटुंबांतील ४,१८,१५९ व्यक्तींची माहिती घेतली गेली. १४० कोटींच्या देशात हे प्रमाण लहान आहे, म्हणून प्रत्येक उत्तराला वजन आहे. तुमचे घर निवडले गेले तर पुढील गोष्टी लक्षात असू द्या.

घरातल्या प्रत्येकाचे काम सांगा, पैसे मिळत नसले तरी. स्त्रियांबद्दल त्यांना स्वतःला बोलू द्या. पुरुषाने दारातूनच 'बायको काही करत नाही' म्हटले की एक नोंद चुकते. काम शोधत असाल तर कसे शोधता तेही सांगा.

'काम आहे म्हटले तर रेशन बंद होईल' किंवा 'बेकार म्हटले तर भत्ता सुरू होईल' अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. दोन्ही चुकीच्या आहेत. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ नुसार सर्वेक्षणात दिलेली वैयक्तिक माहिती केवळ सांख्यिकी कामासाठी वापरता येते. त्या उत्तरावरून कुठलीही योजना मिळत नाही आणि कुठलीही बंद होत नाही. सर्वेक्षकाचे ओळखपत्र मात्र जरूर पाहा. बँक खात्याचा क्रमांक किंवा ओटीपी कोणी मागत असेल तर तो सर्वेक्षक नव्हे.

मग योजनेसाठी 'बेरोजगार' कोण?

ते प्रत्येक योजनेचे नियम ठरवतात. सर्वेक्षणाची व्याख्या तिथे लागू होत नाही. शिकवणी घेता म्हणून किंवा घरच्या दुकानात बसता म्हणून 'आपण बेरोजगार नाही' असे स्वतःच ठरवून अर्ज टाळू नका. त्या योजनेच्या अटी वाचा.

रोजगार केंद्रातील नोंदणी ही आणखी निराळी बाब. तिच्यावरून देशाचा दर काढत नाहीत. नोंदणी केलेल्यांत नोकरीत असलेले पण चांगली जागा शोधणारेही असतात, आणि काम नसलेले अनेक जण कधी नोंदणीच करत नाहीत. केंद्राचे राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल २०१५ पासून सुरू आहे. नोंदणी मोफत आहे. महाराष्ट्रात जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातही नाव नोंदवता येते.

कारखान्यात वा आस्थापनेत कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कापला जात होता आणि नोकरी गेली, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना पाहा. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सरासरी दैनिक कमाईच्या ५० टक्के रक्कम, आयुष्यात एकूण ९० दिवसांपर्यंत मिळू शकते. किमान दोन वर्षे विमाधारक असणे आणि ठरलेल्या दिवसांचा हप्ता भरलेला असणे या अटी आहेत. गैरवर्तनामुळे काढले असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर लाभ नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारून घ्या.

पहिलीच नोकरी लागत असेल तर प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना लागू होऊ शकते. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात लागलेल्या नोकऱ्यांसाठी ती आहे. भविष्य निर्वाह निधीत प्रथमच नोंद होणाऱ्या, महिना एक लाख रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या कर्मचाऱ्याला एका महिन्याच्या पगाराइतकी, कमाल १५,००० रुपये रक्कम दोन हप्त्यांत मिळते: पहिला सहा महिने नोकरी टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी आणि आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर.

ग्रामीण भागात कामाची मागणी हाच हक्क आहे, आणि त्याचे मूळ महाराष्ट्रात आहे. १९७२ च्या दुष्काळात राबवलेल्या रोजगार हमी योजनेला वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकार आला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि शहरातल्या पगारदारांकडून घेतलेल्या व्यवसाय करातून खेड्यातल्या कामांना पैसा मिळाला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची हमी देशभर नेली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला, त्यात १२५ दिवसांची तरतूद आहे. कामाची मागणी लेखी करा आणि तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर मागणी केल्याचे दाखवायला तुमच्या हातात काहीच राहत नाही.

नवे आकडे कुठे व केव्हा पाहायचे?

जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षण बदलले आहे. नमुन्यातील कुटुंबांची संख्या वाढवून सुमारे २.७२ लाख करण्यात आली, अहवालाचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर झाले, आणि ग्रामीण व शहरी दोन्ही भागांचे मासिक आकडे मिळू लागले. पहिले मासिक पत्रक १५ मे २०२५ रोजी आले. त्यात एप्रिल २०२५ चा दर ५.१ टक्के होता. मे आणि जूनचा ५.६.

हे मासिक आकडे साप्ताहिक स्थितीचे आहेत. त्यामुळे '३.२ वरून ५.१ झाली' असा संदेश फिरताना दिसला तर तो चुकीचा आहे; ५.१ ची तुलना करायची तर ती साप्ताहिक पद्धतीच्या ४.९ शी करावी लागेल, आणि नमुना बदलल्यामुळे तीही जपूनच. महिन्या-महिन्यातल्या चढउतारात पेरणी, सुगी, लग्नसराई आणि उन्हाळा यांचा हात असतो. जूनची तुलना मेशी करण्याऐवजी मागच्या वर्षीच्या जूनशी करा. पत्रक सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर साधारणपणे महिन्याच्या मध्याला प्रसिद्ध होते. ते उघडल्यावर आधी तक्त्याचा मथळा वाचा: स्थिती कोणती, वयोगट कोणता, भाग ग्रामीण की शहरी. मग आकडा पाहा.